जिची रिंग, तिचा तवा

आमच्या घरात तवा एक आणि जावा दोन. एवढं सांगितलं की बायकांना पुढचं सगळं कळतं. पुरुषांना मात्र फोडून सांगावं लागतं, म्हणून सांगते.

सोलापुरात बार्शी रोडच्या अंगाला आमचं घर. दोन बर्नरची शेगडी, एका बर्नरवर कालवण, दुसऱ्यावर तवा. आमचे हे आणि भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, दोघांच्याही पिकअप गाड्या. हे वैरागच्या दुकानांना पेंड आणि भुसा पोचवायचे, भाऊजी किराणा मालाच्या गोण्या. रस्ता एकच, आणि रिकामी गाडी घेऊन परत यायची वेळही साधारण एकच, दिवेलागणीची. दिवसभर डब्यातली कडक भाकरी चावलेल्या माणसाला संध्याकाळी तव्यावरची मिळावी, एवढीच दोघांची अपेक्षा. पण तव्यावर एका वेळी एकच भाकरी बसते. मग कुणाच्या नवऱ्याची आधी?

धाकटी लग्न होऊन आली तेव्हापासून यावरून आमची रोज धुसफूस चालायची. शेवटी सासूबाई वैतागल्या. त्यांना आम्ही दोघी आत्या म्हणतो. शेंगा फोडता फोडता त्यांनी कायदाच करून टाकला. "जिची रिंग आदी, तिचा तवा आदी. आता भांडलासा तर दोगींस्नी चुलीवर थापायला लावीन."

रिंग म्हणजे मिस्ड कॉल. नंबर लावायचा, पलीकडं एकदा वाजू द्यायचं आणि कापायचं. पलीकडच्यानं तो उचलायचा नाही. उचलला की पैसे कापले जायचे, त्या दिवसांपासूनची ही रीत. आता रिचार्ज एकदा मारला की महिनाभर बोलणं फुकट, तरी आमच्या घरातली रीत काही गेली नाही. कुणाचा हात फोनकडं गेला की आत्या ओरडायच्या, "उचलू नगा गं, त्याचं पैसं जातील!" त्यांना कितीदा समजावलं, पण त्यांच्या डोक्यात शिरलं नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्या हातांनाही आता उचलायची सवय राहिली नव्हती. फोन वाजला की आम्ही पिठाला हात घालायचो.

भाऊजी बायकोला तीन रिंगा द्यायचे. वैराग सोडलं की पहिली. म्हणजे कालवण चढव. वडाळा आलं की दुसरी. म्हणजे पीठ मळ. आणि घराच्या अलीकडं ओढ्याचा पूल लागतो तिथं तिसरी. म्हणजे टाक भाकरी. धाकटीचा फोन खिडकीत, तेलाच्या बाटलीशेजारी उभा असायचा, देवासारखा. तो वाजला की हिचं तोंड बघावं! ओठ दाबून हसायची आणि मला ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणायची, "आलं बाई पुलावर आमचं येडं." मग माझी भाकरी तव्यावर असली तरी मला ती काढावी लागायची. कायदा म्हणजे कायदा. आणि अर्धी भाजलेली भाकरी एकदा तव्यावरून खाली आली की परत नीट होत नाही, चामड्यासारखी होते. ती चामडं झालेली भाकरी कुणाच्या ताटात जायची, हे सांगायला नको.

कारण आमचे हे रिंग द्यायचेच नाहीत. कधीच नाही. इतकी वर्षं संसार झाला, दोन लेकरं शाळेत जायला लागली, पण रस्त्यावरून ह्यांची एक रिंग माझ्या फोनवर आली असेल तर शपथ. गाडीची चावी फिरवायच्या आधी हे फोन डब्याच्या पिशवीत टाकायचे, पिशवीला गाठ मारायची आणि पिशवी सीटमागं. घरी येऊन चूळ भरल्यावर ती गाठ सुटायची.

मी भांडले नाही असं नाही. मी काय गप्प बसणाऱ्यातली आहे?

"एक रिंग द्यायला काय हात झडतात का तुमचं?"

"गाडी चालवताना न्हाय."

"मग थांबून द्या."

"थांबून कुटं देऊ? थांबायचं, फोन काढायचा, परत गाडी काढायची. तेवढ्यात घरी यीन की मी."

"आणि गार भाकरी खाल."

"खातो की. मी कवा कुरकुरलो?"

हेच तर दुखणं! कुरकुरले असते तर बरं वाटलं असतं. हा माणूस चामड्याची भाकरी कालवणात कुस्करायचा आणि मुकाट जेवून उठायचा.

ह्यांना गाडी शिकवली ती नाक्यावरच्या एका म्हाताऱ्या उस्तादांनी. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. ट्रकवर आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी ह्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे, "हात में स्टेरिंग है तो कान में फोन नक्को. दोनों का मालिक एकीच है, दो नहीं." चाचा देवाघरी गेले, पण त्यांचं ते नक्को आमच्या घरात ठाण मांडून बसलं. मी चिडून म्हणायचे, "तुमच्या चाचाला बायको नव्हती वाटतं." ह्यावर हे हसायचे. मला आणखीच राग यायचा.

मला काय हवं होतं ते स्पष्ट सांगते. गरम भाकरीचं मला काही नव्हतं, भाकरी तर ह्यांना खायची होती. पण दोन ट्रकांच्या मधून गाडी काढताना एखाद्या माणसाला बायको आठवते, एकदा नाही, तीनदा आठवते, आणि ती आठवण सगळ्या घराला ऐकू येते, ह्याचा मला हेवा वाटायचा. नुसता हेवा नाही, जळायची मी. धाकटीचा फोन वाजला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नवी साडी आणली असती, सोनं आणलं असतं, तर मी एवढी जळले नसते. साडी काय, मीही मागून घेतली असती. रिंग मागून मिळत नव्हती.

एकदा माहेरच्या लग्नाला मी वैरागला भाऊजींच्या गाडीतून गेले आणि संध्याकाळी त्यांच्याच गाडीतून परत आले. ह्यांची त्या दिवशी दुसऱ्या गावाची फेरी होती. तेव्हा भाऊजी रिंग कशी देतात ते मी डोळ्यांनी बघितलं. त्यांचा बटणांचा साधा फोन गिअरजवळच्या खाचेत ठेवलेला असायचा. गाव सोडलं तसा त्यांनी तो उचलला, अंगठ्यानं बटण दाबलं, फोन कानाला लावला आणि स्टेअरिंगवर एक कोपर टेकवलं. मी म्हटलं, "भाऊजी, बगून!" तर म्हणतात, "वयनी, नंबर लावायला बगावं लागत न्हाय, अंगठ्याला पाठ हाय. पन कापायला ध्यान लागतंय. एकदा वाजली की लगी कापायची. जरा उशीर झाला तर दोनदा वाजती, मग तुमची जाऊ म्हनती काय झालं." आणि खरंच, त्यांचं सगळं लक्ष त्या कानातल्या आवाजावर होतं. समोरून मोटारसायकलवर दोघंजण आडवे आले. भाऊजींनी गाडी वळवली, मी पुढच्या पत्र्याला आपटले, आणि भाऊजी तोंड भरून हसले. "कापली बगा. एकदाच वाजली."

मला भीती वाटली का? वाटली की. पण घरी येईपर्यंत भीती उतरली आणि उरला तो हेवाच. मी मनात म्हणत होते, बघ, हा माणूस जीव टांगणीला लावून बायकोला रिंग देतो. आणि आमचं ध्यान? पिशवीला गाठ मारून बसलेलं. धाकटीनं दारातच विचारलं, "अक्का, पुलावरची रिंग देताना ते काय म्हनले गं?" मी म्हटलं, "काही नाही. खोकले." पुढं दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही.

आता त्या संध्याकाळचं सांगते.

उसाचे दिवस होते. कारखान्याकडं जाणारे ट्रॅक्टर एकामागं दोन-दोन ट्रॉल्या ओढत रस्त्यानं दिवसभर चाललेले. त्या ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, कधी एखादं लाल फडकं असतं, कधी तेही नसतं. पण हे घरात बसून कुणाला आठवतं? आम्ही तिघी स्वयंपाकघरात होतो. आत्या उंबऱ्याशी शेंगा फोडत बसल्या होत्या. कालवण उकळत होतं. धाकटीला वैरागची रिंग येऊन गेली होती, वडाळ्याची येऊन गेली होती. मी मुद्दाम घाई करून माझी भाकरी आधी तव्यावर टाकली होती. वरून पाण्याचा हात फिरवला आणि उलटणार, तोच हिचा फोन वाजला.

"पूल," धाकटी म्हणाली, आणि उलथनं माझ्या हातातून काढूनच घेतलं. माझी भाकरी परातीत, तिची तव्यावर.

तिची भाकरी टम्म फुगली. ती टोपल्यात गेली. गाडी काही आली नाही. पुलापासून घरापर्यंत फार तर एक भाकरीचं अंतर. मी मनात म्हटलं, बरं झालं, हिचीही गार होऊ दे.

तेवढ्यात फोन परत वाजला. आणि वाजतच राहिला. पुरा वाजून बंद झाला. मग पुन्हा वाजायला लागला.

"अगं बया," धाकटी लाजून हसली. "आज काय झालंय ह्यास्नी? लईच भूक लागली वाटतं."

"उचलू नगा," आत्या सवयीनं म्हणाल्या. "पैसं जातील."

धाकटीनं दुसरी भाकरी थापली. फोन वाजत होता. तिच्या बांगड्या आणि तो फोन, दोन्ही आवाज माझ्या डोक्यात घण घालत होते. मी तिथं उभी राहून जळत होते. बाई गं, किती त्या रिंगा! तीन पुरल्या नाहीत म्हणून आता रांगच लावली. मला तर वाटलं, हे नवरा-बायको मला चिडवायलाच असं करतायत, सकाळी निघतानाच ठरवून ठेवलंय. फोन थांबला की मला हायसं वाटायचं आणि पुन्हा वाजला की मी उगाच कालवण ढवळायचे. शेवटी मी म्हटलं, "जळला मेला तो फोन! किती लाड करून घ्यायचे माणसानं!" धाकटी म्हणाली, "तुझ्या पोटात का दुखतंय, अक्का?" आत्या दोघींवर ओरडल्या.

आणि तेव्हा, सांगते, माझा फोन वाजला.

माझा फोन डाळीच्या डब्यावर पालथा पडलेला असायचा. त्याला कोण विचारतंय! मी पिठाच्या हातानं उलटा केला तर त्यावर ह्यांचं नाव. अंधार अजून पुरता पडला नव्हता. म्हणजे हे रस्त्यावर होते. रस्त्यावरून, पिशवीची गाठ सोडून, ह्यांनी मला रिंग दिली होती.

तुम्हाला सांगते, तेव्हा मला जे वाटलं ते माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं. मी फोन धाकटीच्या नाकासमोर धरला. "बघ! बघ गं, कुणाचा आहे बघ!" तिला वाचता येतं, तिनं वाचलं. तिचं हसू जरा उतरलं आणि मला आणखी बरं वाटलं. "आता हो बाजूला," मी म्हटलं, "माझी रिंग आलीय." तिची भाकरी अर्धी कच्ची होती. मी ती उचलून परातीत टाकली आणि माझी तव्यावर घातली. कायदा म्हणजे कायदा!

माझा फोन वाजत होता. मी तो उचलला नाही. वाजू दे की. इतक्या वर्षांची भरपाई होऊ दे. बंद झाला, परत वाजला. तिकडं खिडकीत हिचाही वाजत होता. दोन फोन, दोन जावा, एक तवा, आणि मी फुगून तव्यासमोर उभी. हिला जेवढ्या रिंगा, तेवढ्या आता मलाही. उन्नीस-बीसचासुद्धा फरक नाही.

आत्यांच्या हातातल्या शेंगा थांबल्या. मान वाकडी करून त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "थोरला तर कवाच रिंग देत न्हाय." आणि जरा वेळानं, वेगळ्याच आवाजात, "उचल गं. उचल आदी."

मी उचलला. तिकडं गाड्यांचे आवाज, माणसांचा कालवा, आणि ह्यांचा आवाज, जो मी कधी तसा ऐकला नव्हता. "कुटं मेलात सगळ्याजणी? पुलावर या. न्हाय, पुलावर नगा, दवाखान्यात या. त्यानं ट्रॉलीला मागनं घातली."

पुढचं सगळं तुकड्यातुकड्यांनी कळलं. पुलावर उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. भाऊजींच्या कानाला फोन होता. रिंग वाजली आणि त्यांनी ती बरोबर कापली, एकदाच वाजली. मग समोर बघितलं. गाडीचं तोंड ट्रॉलीखाली गेलं आणि भाऊजींचा पाय त्यात अडकला. मोटारसायकलवरून चाललेला कुणी भला माणूस थांबला, त्यानं खाली पडलेला फोन उचलला आणि हिरवं बटण दाबलं. शेवटचा नंबर बायकोचा. तो लावत राहिला, लावत राहिला. भाऊजी शुद्धीवर होते, पण त्यांना बोलता येत नव्हतं. हे मागून येत होते. गर्दी बघून थांबले, भावाची गाडी ओळखली. तो माणूस ह्यांना म्हणाला, "घरात कुनी न्हाय वाटतं हो ह्यांच्या. कवाधरनं लावतोय, उचलत न्हाईत." ही गोष्ट ह्यांनी दवाखान्याच्या पायरीवर मला सांगितली, धाकटीच्या समोर. मी ह्यांचं मनगट दाबलं, पण बोलून झालं होतं. तिनं ऐकलं.

"मी उचलला असता तर?" ती म्हणाली.

"तरी पाय तसाच ऱ्हायला असता," हे म्हणाले. "पत्रा कापायला मशीन यायची होती. तू उचलून काय मशीन आनली असतीस?"

तिनं मान हलवली. पण तिनं ते मानलं नाही. मला माहीत आहे, आम्ही एका तव्यावर भाकरी भाजतो.

भाऊजी वाचले. पायही ठेवला डॉक्टरांनी, पण गुडघा आता वाकत नाही. गाडी गेली. आता ते घरीच असतात. शेजारच्या टॉवेलच्या कारखान्यातून गठ्ठे येतात, भाऊजी भिंतीला टेकून पाय लांब करून बसतात आणि टॉवेलच्या घड्या घालतात. स्वयंपाकघराच्या दाराशीच बसतात. तव्यावरून भाकरी उतरली की थेट त्यांच्या ताटात, पापुद्र्यातली वाफसुद्धा जात नाही. आणि खोटं कशाला बोलू? ते बघूनही मधेमधे माझ्या पोटात खुपतं. हिचा नवरा दिवसभर हिच्या डोळ्यांसमोर, आणि माझा रस्त्यावर. मन म्हणजे मेलं कुठं म्हणून जळेल, सांगता येत नाही. पण धाकटीचा फोन आता खिडकीत नसतो. तिनं तो कपाटात, कपड्यांच्या खाली, आवाज बंद करून ठेवलाय. माझा डाळीच्या डब्यावरच आहे.

परवाची गोष्ट. संध्याकाळ होती. तवा धाकटीकडं होता. ह्यांच्या गाडीचा आवाज दारात आला आणि बंद झाला, तो आम्हा दोघींना ऐकूच आला नाही, कारण कालवणाला फोडणी घातली होती. आणि माझा फोन वाजला.

धाकटीनं झेप घातली. माझ्या आधी. पिठाच्या हातानं तिनं फोन धरला, पण बटण दाबायच्या आत तो गप्प झाला. ती त्याच्याकडं बघत उभी राहिली. भाऊजींच्या हातातली घडी अर्धीच राहिली.

"थांबला," ती म्हणाली. "अक्का, एकदाच वाजला आनि थांबला गं."

बाहेरून ह्यांचा आवाज आला. "अगं, दारातच हाय मी. गाडी बंद करूनच दिली बरं का रिंग. तुझी हौस म्हनून."

धाकटीनं माझ्याकडं बघितलं. ती नजर मला नवी नव्हती. त्या खिडकीकडं, तेलाच्या बाटलीशेजारी, मी इतकी वर्षं अशीच बघत आले होते. मग तिनं उलथन्यानं स्वतःची भाकरी, एका बाजूनं कच्ची असलेली, तव्यावरून उचलली आणि परातीत ठेवली.

"घे," ती म्हणाली. "तुझी रिंग हाय."

मी तिची भाकरी परत तव्यावर टाकली. ती कडेनं चामड्यासारखी व्हायला लागली होती, तरी टाकली. आणि बाहेर दारात गेले. हे गाठ सोडलेली पिशवी हातात धरून हसत उभे होते, मी काय म्हणते ह्याची वाट बघत.

"परत कधी रिंग देऊ नका," मी म्हटलं.

"आता काय झालं? तूच मागत हुतीस की इतकी वर्सं."

"मागत होते," मी म्हटलं. "आत या. गार भाकरी वाढते."